शब्दकोड्याचा विषय आणि संगणकातील निघंटू

आडव्या-उभ्या शब्दांचे कोडे रचणाऱ्याची खरी कसोटी घरे भरण्यात नसून विषय शोधण्यात असते. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आपले कोडे प्रसिद्ध केले आणि आजच्या शब्दकोड्याचा प्रारंभ तेथून मानला जातो. पुढे अमेरिकेत अशी प्रथा रूढ झाली की, कोड्यातील लांब शब्द एकाच कल्पनेच्या सूत्रात ओवलेले असावेत आणि जाळी उलटी धरली तरी तिची आकृती तीच राहावी. त्यामुळे विषयाचे शब्द समान लांबीच्या जोड्यांनी मिळवावे लागतात. पूर्वी हे काम कोश चाळून होत असे. आता रचनाकार शब्दांची यादी संगणकात ठेवतात आणि ‘पोटात अमुक शब्द असलेले, इतक्या घरांचे’ असा प्रश्न तिला विचारतात. पायथनसारख्या संगणकभाषेतील दहा-बारा ओळी त्यास पुरतात.

हीच रीत आम्ही वनौषधींच्या नावांना लावून पाहिली. विषय योजला तो ‘नावात दडलेला प्राणी’. एका यादीत द्रव्यांची नावे, दुसरीत प्राण्यांची. चार घरांत अश्वगंधा, सर्पगंधा, हंसपदी, मेषशृंगी. पाच घरांत मंडूकपर्णी, मयूरशिखा, गजपिप्पली, नागकेशर. जोड्या उत्तम जमल्या.

अडचण आली ती लिपीची. ‘त्रिफळा’ हा शब्द आपणांस तीन घरांचा दिसतो. संगणक मात्र त्यात सात चिन्हे मोजतो, कारण हलन्ताची खूण, इकार आणि आकार हे त्याच्या लेखी स्वतंत्र आहेत. अक्षरे तोडण्याचा युनिकोडचा जो नियम आहे, तोही पूर्वी ‘त्’ आणि ‘रि’ असे दोन तुकडे करीत असे. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर अखंड राहू लागले. जुनी साधने वापरणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. चिन्हांवरून ‘अज’ म्हणजे बोकड शोधू गेल्यास संगणक ‘अजीर्ण’ पुढे करतो! ‘चंदन’ आणि ‘चन्दन’ हे त्यास दोन निराळे शब्द वाटतात. घरे दोहोंची तीनच, पण त्यांना छेदणारी अक्षरे बदलतात. म्हणून यादीतील लेखन आधी एकसारखे करून घ्यावे लागते.

लिपी सुधारली तरी अर्थाचा विवेक यंत्रास येत नाही. ‘नाग’ शोधताना नागरमोथा आला, ‘काक’ शोधताना काकडशिंगी. पहिल्यात सर्प नाही. दुसऱ्यात कावळा नसून कर्कट, म्हणजे खेकडा आहे. ही निवड वैद्यानेच करावयाची.

याच यादीस आम्ही उलटा प्रश्न विचारला: एकाहून अधिक द्रव्यांखाली येणारे नाव कोणते? उत्तरादाखल अमृता, अनंता, हैमवती अशी नावांची रांग लागली. कोडेकारास हे घबाडच होय. ‘अमृता, चार घरे’ असा संकेत दिला तर गुळवेल बसते आणि हरीतकीही बसते. छेदणारा उभा शब्द ‘ळ’ देतो की ‘री’, यावर निकाल लागतो. औषधनिर्मात्याच्या खरेदीपत्रकात असा उभा शब्द नसतो. तेथे ते काम वनस्पतिशास्त्रीय नावास करावे लागते आणि ते नाव पत्रकात पुष्कळदा लिहिलेलेच नसते. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेल समजू नये, असे २०२२ मध्ये आयुष मंत्रालयास जाहीरपणे सांगावे लागले होते. आमच्या मते प्रत्येक औषधशाळेने आपल्या कच्च्या मालाच्या यादीवर हाच उलटा शोध एकदा चालवावा. यादी संगणकात असल्यास अर्ध्या तासाचेही काम नाही.

प्राण्यांच्या कोड्यात ‘गो’साठी गोकर्णी घेतली आहे. तिला ‘शंखपुष्पी’ असा संकेत द्यावा, असे एका सहकाऱ्यांनी सुचविले. केरळात तो बरोबर ठरला असता. आपल्याकडे शंखपुष्पी म्हणून अन्य वनस्पती घेतली जाते. तो संकेत आम्ही गाळला आणि ‘निळ्या फुलांची वेल’ एवढेच लिहिले.