बॅटरी भरलेली दिसते तेव्हा

चार्जरचा दिवा हिरवा झाला की बॅटरी भरली, असं आपण धरून चालतो. दिवा खोटं बोलत नाही, पण त्याला फार थोडं कळतं. रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीच्या बाजूला लिथियम बॅटऱ्या दुरुस्त करणारं एक छोटं वर्कशॉप आहे. जुन्या इलेक्ट्रिक गाडीची रेंज कमी होते तेव्हा नेमकं काय घडतं, ते मला तिथल्या टेबलापाशी बसून कळलं.

त्या दिवशी टेबलावर कमी वेगाच्या स्कूटरचा पॅक होता. ताशी २५ किलोमीटरच्या वर न पळणाऱ्या, लायसन्स न लागणाऱ्या स्कूटरचा. कुवारबावहून शहरात कामाला येणाऱ्या एका काकींची ती गाडी. ‘‘पूर्वी एकदा चार्ज केली की दोन दिवस बघायला लागत नव्हतं रे,’’ त्या सांगत होत्या. ‘‘आता बाजारातून मारुती मंदिराकडे चढायला लागले की मध्येच बंद. खाली उतरून ढकलायची. दुसरीकडे विचारलं तर म्हणाले, बॅटरी गेली, नवीन टाका.’’

‘‘काकी, आधी मोजू. मग गेली की आहे ते ठरवू,’’ कारागीर म्हणाला.

त्याने आधी हातातली अंगठी आणि घड्याळ काढून खणात ठेवलं. पेचकसाच्या दांडीला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. पायाशी वाळूची बादली. लिथियमचा पॅक उघडताना दोन टोकांमध्ये धातूचा तुकडा पडला तर पुढे काय होईल, ते त्याला पक्कं ठाऊक आहे. ही शिस्त मला त्याच्या हुशारीइतकीच महत्त्वाची वाटली.

पत्र्याचा डबा उघडला, निळं प्लॅस्टिकचं वेष्टण कापलं. आत बोटाएवढ्या जाडीचे १५६ सेल. बारा-बारा सेल एकमेकांना समांतर जोडून एक गट, आणि असे १३ गट ओळीने जोडलेले. प्रत्येक सेल अडीच एएचचा, म्हणजे अडीच ॲम्पिअर-तासांचा, म्हणून बारांचा गट ३० एएचचा. भरलेला गट ४.२ व्होल्टचा, तेरा गट मिळून ५४.६. पॅक काकींनी घरून पूर्ण चार्ज करून आणला होता. मल्टिमीटरच्या पिना दोन मुख्य टोकांना लावल्या. आकडा आला ५४.४७. बॅटरी ठणठणीत, असंच कुणीही म्हणेल.

मग त्याने एकेक गट मोजायला घेतला. ४.२१, ४.२१, ४.२१... सातव्या गटाशी ३.९५. पुढे पुन्हा सगळे ४.२१.

दोष इथे होता. चार्जरला फक्त बेरीज कळते. बारा गट काठोकाठ भरले, बेरीज जवळजवळ पूर्ण झाली आणि त्याने हात आखडता घेतला. पंगतीत बाकीच्यांची पोटं भरली म्हणून, उशिरा बसलेल्यालाही अर्ध्या जेवणावरून उठवावं, तसं सातव्या गटाचं झालं होतं. गाडी चालताना त्याचा उलटा हिशोब सुरू होतो. सगळ्या गटांमधून तोच प्रवाह वाहतो, त्यामुळे कमी भरलेला गट आधी रिकामा होतो. एक जरी गट ठरावीक पातळीखाली गेला की बीएमएस, म्हणजे पॅकवर नजर ठेवणारं सर्किट, सगळाच पुरवठा तोडतं. चढावर मोटर जास्त प्रवाह ओढते, व्होल्टेज आणखी खाली बसतं, म्हणून गाडी बंद पडते ती नेमकी चढावर.

यानंतर क्षमतेची चाचणी. हे काम कंटाळवाणं असतं आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते टाळतात. १० ॲम्पिअरचा ठरावीक प्रवाह पॅकमधून काढत राहायचं आणि किती एएच निघाले ते यंत्रावर वाचायचं. नवा असताना या पॅकला रिकामं व्हायला तीन तास लागले असते. त्याचा पुरवठा पावणेदोन तासांच्या आतच तुटला, आकडा १६.७. त्या क्षणी सातवा गट २.८ व्होल्टवर आला होता आणि बाकीचे बारा अजून साडेतीनच्या वर होते. त्यांच्यातली वीज कोंडून पडली होती.

गट असा मागे का पडला, याचं उत्तर बीएमएसच्या बारीक तारांच्या जोडावर मिळालं. सातव्या गटाच्या पिनेवर हिरवट थर. खारी, दमट हवा वेष्टणाच्या फटीतून आत शिरली होती आणि त्या ओलसर थरातून वीज थेंबाथेंबाने गळत होती. विदर्भातल्या बॅटरीला ऊन मारतं. आमच्याकडच्या बॅटरीला खारी हवा आणि वर्षभर न सुटणारी ऊब. उन्हाचा पारा इथे नागपूरइतका चढत नाही, पण थंडीही पडत नाही, म्हणून सेलच्या आतली झीज कोणत्याच महिन्यात फारशी मंदावत नाही.

कारागिराने जोड बदलला, पिना स्पिरिटने पुसल्या, वर संरक्षक लेप दिला. सातवा गट छोट्या चार्जरवर एकटाच भरला. पॅक काही दिवस नुसता ठेवून दिला, कारण गटातला एखादा सेल आतून खराब असता तर व्होल्टेज पुन्हा उतरलं असतं. ते उतरलं नाही. दुसऱ्या चाचणीत २२ एएच निघाले. एकही सेल न बदलता.

उरलेले आठ एएच मात्र परत येणार नाहीत. सेलमधल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो आणि कामाचं लिथियम त्यात कायमचं अडकतं. गाडी चालवली तरी हे होतं, नुसती उभी ठेवली तरी होतं. शंभर टक्के भरून गरम जागी ठेवली तर जास्त वेगाने.

चारचाकीतही हाच हिशोब आहे, आणि सगळ्यात कठीण गणित प्लग-इन हायब्रिडचं. वाहनाची बॅटरी जितकी लहान, तितक्या तिच्या भरून रिकामं होण्याच्या पूर्ण फेऱ्या जास्त. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाच्या २५० किलोमीटर रेंजच्या गाडीची एक फेरी सहा दिवसांनी पूर्ण होते. विजेवर ४० किलोमीटरच जाणाऱ्या हायब्रिडची रोज. अमेरिकेत २०१० च्या डिसेंबरात शेवरोले व्होल्ट आली, तेव्हा १६ किलोवॉट-तासांच्या बॅटरीपैकी सुमारे दहाच वापरायला दिले होते, उरलेला भाग राखीव. अशी राखीव जागा ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. हायब्रिडमध्ये झीज लपून राहते, हाही एक धोका आहे. बॅटरी लवकर संपली की पेट्रोलचं इंजिन सुरू होतं, गाडी थांबत नाही आणि मालकाला कळतं ते पेट्रोलच्या खर्चावरून. काकींना निदान चढावर तरी कळलं.

काकींची गाडी आता नव्यासारखी नाही, पण मारुती मंदिराचा चढ चढते. त्यांना सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या: रोज काठोकाठ भरायची नाही, पण महिन्यातून एकदा पूर्ण भरून चार्जर तसाच लावून ठेवायचा, म्हणजे बीएमएसला गट सारखे करायला वेळ मिळतो, गाडी सावलीत लावायची, उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही.

युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांना, स्कूटरच्यासुद्धा, बॅटरीची माहिती देणारा डिजिटल पासपोर्ट बंधनकारक होणार आहे. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून झालेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा खरोखर संपलेला पॅक भंगारवाल्याकडे देऊ नका. आणि जुनी इलेक्ट्रिक स्कूटर, कार किंवा हायब्रिड घेणार असाल, तर विकणाऱ्याकडून बॅटरीची मोजलेली क्षमता लेखी मागा. ‘बॅटरी गेली’ असं कुणी सांगितलं, तर गट एकेक करून मोजले का, एवढं विचारा आणि उत्तर मिळाल्याशिवाय नवीन पॅकचे पैसे देऊ नका.