मिक्सर, कपलर आणि न जुळणारी भांडी

"कालपर्यंत अगदी व्यवस्थित चालू होता हो." मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. पिशवीतून मिक्सर बाहेर निघतो. वायरीवर हळदीचे डाग, बटणाच्या कडेला वाळलेलं वाटण, तळाच्या रबरी पायांपैकी एक गायब. दुकानदार सगळं ऐकून घेतो, मिक्सर आडवा करतो आणि तळाचं लाल बटण दाबतो. मोटारीला पेलवेना इतका भार आला की हे बटण सुटतं आणि वीज तोडतं. मोटार थंड झाल्यावर ते आत दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू. काही मिक्सर एवढ्यावरच परत पिशवीत जातात, आणि चांगला दुकानदार त्याचे पैसे घेत नाही.

बाकीच्यांचं भवितव्य पुढच्या पाच मिनिटांत ठरतं. भांड्याच्या बुडाला पकडून फिरवणारी जी दातेरी चकती असते, ती म्हणजे कपलर. दुकानदार ती बोटांनी फिरवून बघतो. अडखळत फिरली तर बेअरिंग किंवा बुश गेलंय. अजिबात हलली नाही तर आत गंज धरलाय. मोकळी फिरतेय पण दाते गुळगुळीत झालेत, तर दोष तिचा एकटीचाच. त्यानंतर पाळी नाकाची. जळक्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की मिक्सर उघडण्याआधीच निदान होतं. तो वास आला की दुकानदाराचा आवाज खाली येतो, कारण आता विषय शंभर-दोनशे रुपयांत आटोपणारा नसतो.

पंख्याची मोटार सावकाश फिरते आणि तासन्‌तास चालते. मिक्सरमधली 'युनिव्हर्सल' मोटार मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते आणि सलग चालवण्यासाठी ती बनवलेलीच नसते. बहुतेक घरगुती मिक्सरांना ३० मिनिटांचं रेटिंग असतं. त्याचा हिशेब असा की पाच मिनिटं चालवायचा, दोन मिनिटं थांबवायचा, आणि असं सहा वेळा. मोटारीच्या फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, वीज पोचवण्यासाठी दोन्ही बाजूंनी कार्बनचे छोटे तुकडे टेकलेले असतात. त्यांना ब्रश म्हणतात. ते सतत घासले जातात, म्हणून झिजतात, आणि झिजावेत अशीच त्यांची योजना असते. संपत आले की आत ठिणग्या जास्त उडायला लागतात, मिक्सर मध्येच दम सोडतो, थोडा हलवला की पुन्हा चालतो. ब्रशची जोडी शंभर रुपयांच्या आसपास मिळते आणि सरावलेला हात ती पंधरा मिनिटांत बदलतो. ब्रश संपले एवढ्याच कारणाने अख्खे मिक्सर भंगारात जातात, ही गोष्ट मनाला लागते.

मोठं दुखणं मात्र भांड्यातून येतं. पातं ज्या दांड्यावर बसतं, तो दांडा भांड्याच्या बुडातल्या बुशमधून खाली उतरतो. तिथे पाणी अडवणारं छोटं सील असतं. ओल्या नारळाचं वाटण, इडलीचं पीठ, भिजवलेली डाळ असं रोज वाटताना बुश झिजतं, सील ढिलं पडतं आणि भांडं खालून थेंब थेंब गळू लागतं. घरोघरी त्यावर उपाय एकच होतो, ओट्यावर एक फडकं येऊन पडतं. ते पाणी कपलरवरून मोटारीच्या दांड्यावर उतरतं, बेअरिंग गंजवतं आणि हळूहळू मोटारीतल्या तारेच्या वेढ्यांपर्यंत पोचतं. सांडलेलं पाणी निघून जावं म्हणून पुष्कळ मिक्सरांच्या बैठकीला भोक ठेवलेलं असतं, पण ते वाटणाच्या लगद्याने कधीच बुजलेलं असतं. एक दिवस धूर येतो. मोटार जळाली म्हणून जो मिक्सर टाकून दिला जातो, त्याचा आजार पुष्कळदा असा भांड्यात सुरू झालेला असतो, आणि वेळेवर बुश आणि सील बदललं असतं तर फारसा खर्चही आला नसता. कोकणात आणि गोव्यात, जिथे नारळाशिवाय आमटी होत नाही, तिथल्या घरांनी तर भांड्याच्या बुडावरून दर आठवड्याला बोट फिरवून बघावं.

पुण्याच्या पेठांमधल्या अशाच एका दुकानातला प्रसंग. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक काकू जळलेला मिक्सर घेऊन आल्या होत्या. मुलाने ऑनलाइन नवा मागवायची तयारी केली होती, पण त्या आधी दुकानात आल्या.

"काकू, आर्मेचर गेलंय. भरून देतो, पण दोन दिवस लागतील. आणि खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा येईल."

"चालेल दादा. पण तांब्याची तारच घालाल ना?"

प्रश्न नेमका होता. आर्मेचर भरणं, म्हणजे जळकी तार उलगडून तितक्याच जाडीची नवी तार तितक्याच वेढ्यांनी गुंडाळणं, वार्निश पाजणं आणि ते भट्टीत सुकवणं, हे चिकाटीचं काम आहे. एक वेढा चुकला तरी मोटार गरम होते. तांब्याचे भाव चढल्यापासून बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेची तयार आर्मेचरं आली. ती स्वस्त पडतात, लवकर बसतात आणि तापतातही लवकर. हाताने भरून देणारे कारागीर त्यामुळे कमी होत चालले आहेत. पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात आणि मुंबईत लोहार चाळीच्या आसपास विजेच्या सामानाचा मोठा बाजार आहे, पण सुटा भाग मिळाला तरी तो बसवणारा अनुभवी हात मिळेलच असं नाही. अशा कारागिराचं काम कुशल काम म्हणून मोजलं गेलं पाहिजे आणि त्याचा मोबदला घासाघीस न करता दिला पाहिजे.

मोडकं उपकरण दुरुस्त होत नाही ही तगमग जुनी आहे. भारतातला गाजलेला मिक्सर तिच्यातूनच जन्माला आला. सत्यप्रकाश माथुर हे मुंबईत सीमेन्स कंपनीत अभियंता होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे जर्मनीच्या ब्राऊन कंपनीचा मिक्सर होता. युरोपातल्या स्वयंपाकघरासाठी बनवलेल्या त्या यंत्राला भारतीय वाटण-घाटण झेपलं नाही, मोटार जळाली, आणि इथे ती दुरुस्त करून मिळण्याची सोय नव्हती. माथुर यांनी आपल्या मसाल्यांना आणि डाळींना पुरून उरेल अशी मोटार स्वतः घडवायला घेतली. १९६३ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली आणि पुढे 'सुमीत' हे नाव देशभर पोचलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मिक्सर म्हणजे सुमीत असंच अनेक मराठी घरांत समीकरण होतं. पाटा-वरवंटा आणि खलबत्ता ओट्याखाली गेले ते या यंत्राच्या भरवशावर. हळकुंड, सुकं खोबरं, दगडफूल, पुरणाची डाळ या सगळ्यांना पुरणारी मोटार इथल्याच माणसाने, इथल्याच गरजेतून बनवली, ही अभिमानाची गोष्ट आहे. म्हणूनच, ज्या अडचणीतून हा उद्योग उभा राहिला तीच अडचण आज त्या उद्योगाच्या गिऱ्हाइकांना भोगावी लागते याची खंत जास्त वाटते.

आजची अडचण अशी. मोटार ठणठणीत आहे, पण चटणीचं भांडं गेलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर येतं, "ते मॉडेल बंद झालंय." तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि पुष्कळदा कोणी फिरकायच्या आतच तक्रार निकाली निघाल्याचा संदेश येतो. वॉरंटी कार्डावर 'मोटारीला पाच वर्षं' असं ठळक छापलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत कार्बन ब्रश, कपलर, पाती, रबरी रिंगा, भांड्यांचं बुश यांना वगळलेलं असतं, आणि पाणी जाऊन किंवा जास्त भार पडून जळालेली मोटारही वॉरंटीत बसत नाही. म्हणजे मिक्सर ज्या ज्या कारणांनी खरोखर बंद पडतो, ती जवळजवळ सगळी कारणं बाहेर राहतात.

मग दुसऱ्या कंपनीचं भांडं आणावं म्हटलं तर ते बसत नाही. एकाच्या कपलरला तीन दाते, दुसऱ्याच्या सहा. एकाची भांडी बैठकीच्या खाचांत अडकतात, दुसऱ्याची फिरवून लॉक होतात. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची भांडीसुद्धा एकमेकांना चालत नाहीत. सुटं भांडं मिळालंच तर किंमत इतकी असते की विक्रेता स्वतःच म्हणतो, "थोडे पैसे घाला आणि नवा सेटच न्या."

नवा सेट घरी आला की पुढचा त्रास सुरू होतो. ५०० वॅटचा जुना जाऊन ७५० वॅटचा आला, म्हणजे काम दीडपट होईल अशी समजूत असते. वॅटचा आकडा मोटार किती वीज ओढते ते सांगतो. वाटण किती बारीक होणार हे पात्याचा आकार, भांड्याचा घेर आणि मोटारीची घडण यांवर ठरतं. त्या काकूंनी नव्या मिक्सरबद्दल मुलाला सांगितलेली शंका याच जातीची होती. नव्या सेटमधलं सगळ्यात छोटं भांडंही त्यांच्या दोन माणसांच्या घराला मोठं पडणार होतं. चार मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि चमचाभर दाणे त्यात टाकले की पातं वरून मोकळंच फिरतं आणि सगळा ऐवज भिंतीला चिकटून बसतो. दर वेळी झाकण काढून, चमच्याने खाली ढकलून पुन्हा फिरवायचं. दुकानातल्या प्रात्यक्षिकात हे कधी दिसत नाही, कारण तिथे भांडं अर्ध्याच्या वर भरलेलं असतं.

आणि जुन्या भांड्यांचं काय? स्टेनलेस स्टीलची, एकही पोचा न आलेली तीन भांडी केवळ बैठक जुळत नाही म्हणून निकामी होतात. एक्सचेंजमध्ये त्यांची किंमत जवळपास शून्य. भंगारवाला मोटारीत तांबं आहे की ॲल्युमिनियम ते बघून भाव करतो. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आधीच्या २०१६ च्या नियमांत २१ प्रकारची उपकरणं होती, नव्या नियमांत १०६ आहेत, आणि स्वयंपाकघरातली छोटी यंत्रंही त्यांत आली आहेत. उत्पादकावर जबाबदारी टाकणारा हा चांगला कायदा आहे. परंतु तो यंत्राच्या मरणानंतरचा विचार करतो. ते यंत्र पाच वर्षं आणखी जगलं असतं का, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

त्या प्रश्नाकडे सरकारने थोडंफार लक्ष दिलं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टु रिपेअर' हे पोर्टल २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी सुरू केलं. दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि सेवा केंद्रांचे तपशील कंपन्यांनी तिथे द्यावेत असा हेतू आहे आणि घरगुती टिकाऊ वस्तू हे त्यातलं एक क्षेत्र आहे. एखादं उपकरण दुरुस्तीला किती सोपं, याला गुण देणाऱ्या निर्देशांकावरही विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून करायचं सुचवलं आहे. मिक्सर त्या रांगेत कुठे दिसत नाही. करांचा हिशेबही दुरुस्तीच्या बाजूचा नाही: नवा मिक्सर घेतला तर १८ टक्के जीएसटी, आणि नोंदणीकृत सेवा केंद्रातून जुना दुरुस्त करून घेतला तरी मजुरीवर तेवढाच. दुरुस्तीला उत्तेजन द्यायचं तर इथूनच सुरुवात करता येईल.

खरा इलाज मात्र मापाचा आहे. दिवा कुठल्याही कंपनीचा आणा, घरातल्या होल्डरमध्ये बसतो. प्लगही कुठल्याही कंपनीचा चालतो. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनना टाइप-सी चार्जिंगची एकच खाच सक्तीची केली. भारतात घरगुती मिक्सरांसाठी आयएस ४२५० हे मानक आहे. त्यातच कपलरचे दाते आणि भांड्याची बैठक यांचं एकच माप ठरवण्यात अवघड असं काही नाही. ते झालं तर एका घरातलं चांगलं भांडं दुसऱ्या मिक्सरवर चढेल, छोटी भांडी सुटी विकत मिळतील, आणि मोटार गेली तर फक्त मोटारीची बैठक घ्यावी लागेल. ग्राहक संघटनांनी ही मागणी भारतीय मानक ब्युरोकडे लावून धरायला हवी.

तोपर्यंत घरात करता येण्यासारखं पुष्कळ आहे. नवा मिक्सर घेताना वॅट आणि रंग नंतर बघा. आधी विचारा की याचं चटणीचं भांडं सुटं मिळतं का, किती रुपयांना मिळतं, आणि कपलर तुमच्याकडे आत्ता शिल्लक आहे का. दुकानदाराने दाखवला तर एक जादा कपलर तिथेच घेऊन ठेवा. पक्कं बिल मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. वॉरंटीतलं काम टाळलं जात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.