लोणारच्या गाळाचे वय

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेलेला माणूस सरोवराचे खारे हिरवट पाणी पाहतो, कमळजादेवीचे दर्शन घेतो आणि परत फिरतो. संशोधकांचा जीव मात्र तळाच्या गाळात. अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या खड्ड्यातून एकही ओढा बाहेर जात नाही. आत आलेले आतच साचते.

दुष्काळाचे स्फटिक

या तळातून पोकळ नळीने सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला गेला. त्यात साधारण ११ हजार वर्षांच्या पाऊसपाण्याची नोंद आहे. पाणी आटून क्षार दाटले की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. ते दोन पट्ट्यांत मिळाले: ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या. मोसमी पाऊस दीर्घकाळ रोडावल्याची ही खूण.

ही वर्षे आली कुठून?

मुख्य घड्याळ कार्बन-१४चे. झाड मेले की त्यातला हा कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही. खरी मेख पाण्यात आहे. तळ्यातले शेवाळ पाण्यात विरघळलेला जुना कार्बनही घेते आणि असते त्यापेक्षा म्हातारे दिसते. म्हणून गाळात हवेतूनच कार्बन घेणाऱ्या, काठावरच्या झाडाचे पान किंवा काडी सापडली, तर ती सोन्याच्या मोलाची.

हवेतला कार्बन-१४ही सदासर्वकाळ सारखा नव्हता. त्यामुळे आलेले वय झाडांच्या वर्षवलयांशी आणि जपानच्या सुइगेत्सु सरोवरातल्या वार्षिक थरांशी ताडून दुरुस्त करतात. अगदी वरच्या, शे-दीडशे वर्षांच्या थरांसाठी शिसे-२१० वापरतात; अणुचाचण्यांतले सीझियम-१३७ जिथे सर्वाधिक, तो थर १९६३च्या आसपासचा.

‘आज’ म्हणजे १९५०

या शास्त्रात ‘आजपासून’ म्हणजे १९५०पासून मागे. तेव्हा दुसरा कोरडा काळ सातवाहनांच्या उदयाच्या सुमारास सुरू होऊन साधारण १३५०ला संपतो. १३९६च्या सुमाराचा दुर्गादेवीचा दुष्काळ त्याला जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. अशा तारखांत काही दशकांची चूक सहज असते, आणि गाळातून शतकांचा कल कळतो, एखाद्या सालचा पाऊस नव्हे.

खड्ड्याचे वय

खुद्द खड्ड्याच्या वयावर घड्याळांचे एकमत नाही. तापदीप्तीच्या पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार. मला दुसरा आकडा अधिक पटतो. जेमतेम ११ हजार वर्षे मागे जाणाऱ्या दहा मीटरच्या त्या स्तंभाकडून मात्र या वादात साक्ष मिळणार नाही.