‘द लाइन’ : महासाथीच्या शोकाचे दस्तऐवजी नाटक

प्रत्यक्ष मुलाखती, न्यायालयीन नोंदी किंवा पत्रे यांतील मजकूर निवडून त्याची नाट्यबद्ध मांडणी करणाऱ्या रंगभूमीला दस्तऐवजी रंगभूमी म्हणतात. मुलाखत देणाऱ्याचे मूळ शब्दच नटांच्या तोंडी ठेवले, तर त्या प्रकाराला शब्दशः नाट्य म्हणता येते. अमेरिकी नाटककार दांपत्य जेसिका ब्लँक आणि एरिक जेन्सन मुलाखतींवर आधारलेल्या अशाच नाटकांसाठी ओळखले जाते. वेस्ट व्हर्जिनियातील अपर बिग ब्रँच कोळसा खाणीत २०१० मध्ये झालेल्या स्फोटात २९ कामगार दगावले. त्यांच्या आप्तांचा शोक मांडणारे या दांपत्याचे नाटक ‘कोल कंट्री’ न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये मार्च २०२० मध्ये सुरू झाले आणि त्याच महिन्यात कोविडमुळे थांबले.

पुढे या दोघांनी न्यूयॉर्क शहरातील आरोग्यसेवकांच्या मुलाखतींतून ‘द लाइन’ रचले, आणि जुलै २०२० मध्ये, म्हणजे पहिल्या लाटेच्या आठवणी ताज्या असतानाच, पब्लिक थिएटरने ते ऑनलाइन प्रसारित केले. रुग्णालयांत नातेवाइकांना प्रवेश नसल्याने अनेक कुटुंबांना अखेरचा निरोप फोनच्या पडद्यावरून द्यावा लागला आणि मृत्युसमयी जवळ असलेली व्यक्ती अनेकदा परिचारिकाच होती; त्यामुळे कुटुंबाच्या दुःखाची साक्ष आरोग्यसेवकांनी द्यावी, ही योजना अतिशय मार्मिक ठरते. नट आपापल्या जागेवरून, एकेकटे, कॅमेऱ्यासमोर बोलतात. विलगीकरणाने लादलेली ही मर्यादा इथे नाटकाचा आशयच होऊन जाते, आणि हेच या प्रयोगाचे सर्वांत मोठे बळ आहे.