आभाळाची वर्गणी

आज एक कोडं घालतो. लेख संपेपर्यंत उत्तर मनातच ठेवा बरं का!

एका चाळीच्या गच्चीवर पाण्याची एकच टाकी आहे. खालच्या मजल्यावरची बिऱ्हाडं जेमतेम दोन-दोन बादल्या पाणी नेतात. वरच्या मजल्यावरच्या चार-पाच बिऱ्हाडांनी मात्र टाकीवर वर्षानुवर्षं अडगळ रचून ठेवली. एके दिवशी टाकीला तडा गेला. आता दुरुस्तीची वर्गणी कोणी किती द्यायची? सगळ्यांनी सारखी? की ज्यांच्या अडगळीने तडा गेला, त्यांनी जास्त? आणि खालच्यांनी ‘आमचा काय संबंध?’ म्हणून हात झटकले, तर चालेल का?

अगदी असंच कोडं एकदा साऱ्या जगाला पडलं होतं. फक्त तडा टाकीला नव्हे, आभाळाला गेला होता!

जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा थर आहे. किती विरळ म्हणता? आपल्या डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून पसरला, तर थर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा होईल! पण हाच थर सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला, तर त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढतात, पिकांनाही त्रास होतो.

१९२८ साली फ्रिजसाठी एक नवा वायू शोधला गेला. त्याचं नाव क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनियासारखे विषारी वायू असत. हा नवा वायू विषारीही नव्हता आणि पेटही घेत नव्हता. मग काय! फ्रिज, एसी, सुगंधी फवारे, सगळीकडे तोच. कुणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता.

१९७४ साली अमेरिकेत मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड या शास्त्रज्ञांनी धोक्याची घंटा वाजवली. सीएफसी हळूहळू वर जातो, तिथे त्यातला क्लोरीन सुटा होतो आणि क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू फोडतो, असं त्यांनी मांडलं. कारखानदार म्हणाले, ‘आधी सिद्ध करा!’

इथे पहिला प्रश्न आला. पूर्ण पुरावा मिळेपर्यंत थांबायचं, की नुकसान भरून न येण्याजोगं असेल तर आधीच हात आवरायचा?

१९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंत ऋतूत फार घटतोय. नेमकं कारण काय, यावर वाद चालूच होता. तरीही १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरात २४ देशांनी सीएफसी कमी करण्याच्या करारावर सह्या केल्या.

भारताने मात्र तेव्हा सही केली नाही. का बरं? कारण दुसरा प्रश्न सुटला नव्हता. सीएफसी मुख्यतः श्रीमंत देशांनीच वापरला होता. आपल्याकडे तेव्हा कितीशा घरांत फ्रिज होता? कारखाने बदलायचा खर्च आम्हीच का सोसायचा, असं भारत आणि चीन म्हणत होते. १९९० साली लंडनच्या बैठकीत तोडगा निघाला. श्रीमंत देशांनी पैसे घालून निधी उभारायचा आणि गरीब देशांना त्यातून मदत द्यायची. मग १९९२ साली भारत करारात आला. नुसता आला नाही, तर दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद सोडून सीएफसीचं उत्पादन त्याने २००८ मध्ये, मुदतीच्या आधीच थांबवलं. २००९ पर्यंत जगातले सगळे देश या करारात आले.

आता तिसरा प्रश्न. हे सारं कुणासाठी? शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार अंटार्क्टिकावरचा थर १९८० सारखा व्हायला साधारण २०६६ साल उजाडेल. सह्या करणारे बहुतेक लोक तेव्हा नसतील. तुम्ही मात्र असाल, पन्नाशी ओलांडलेले! म्हणजे त्यांनी ही वर्गणी तुमच्यासाठी भरली.

काम संपलं का? छे! सीएफसीच्या जागी आलेल्या एचएफसी वायूंनी ओझोनचं काही बिघडत नाही, पण पृथ्वी तापते. ते कमी करायचं २०१६ साली रुवांडातल्या किगाली शहरात ठरलं. कोळसा आणि तेलाचा प्रश्न तर याहून कितीतरी मोठा आहे. तिथेही तीच भांडणं आहेत: कधी थांबायचं, कोणी भरायचं, कुणासाठी?

शास्त्र आपल्याला काय घडतंय ते सांगतं. काय करणं न्यायाचं, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

घरचा फ्रिज किंवा एसी दुरुस्त करायला मेकॅनिक आला, की एवढं विचारा, ‘काका, जुना गॅस हवेत सोडणार, की सिलिंडरमध्ये काढून घेणार?’ आणि हो, चाळीच्या कोड्याचं उत्तर आई-बाबांना सांगा. त्यांचं उत्तर वेगळं निघालं, तर खुशाल वाद घाला!