गाडी वॉरंटीत, गिअर सुटतो, अन् स्कॅनर म्हणतो ‘नो फॉल्ट’! मोबाईलमध्ये पुरावा कसा जमवायचा?

मागच्या सोयाबीनच्या सीझनमध्ये माझ्या मावसभावाचा फोन आला. दादा मुर्तिजापूरला राहतो, छोटा मालट्रक स्वतःच चालवतो. कधी अकोल्याच्या मार्केटला सोयाबीन, कधी कापूस, कधी वरुड-मोर्शीकडचा संत्रा.

"तुले मोबाईलचं समजते न? मंग सांग मले. चालत्या गाडीचा गिअर आपोआप न्यूट्रलले येते, अन् हे सर्व्हिसवाले म्हणतात का कॉम्प्युटरमंधी काहीच नाही दाखवत. मी काय खोटं बोलून राह्यलो काय?"

गाडी घेऊन नऊ महिने झाले होते. तीनदा वर्कशॉपला लावली, तीनदा ‘चेक केलं, ओके आहे’ असं सांगून परत दिली. दर वेळी गाडी तीन-चार दिवस उभी. हप्ता मात्र उभा राहत नाही, तो पाच तारखेला बरोबर कापला जातो.

मित्रांनो, घरी कोणाची मालगाडी असेल तर हा प्रकार तुम्हाला नवीन नसेल. अशा वेळी भांडायचं काम मोठ्यांचं, पण पुरावा जमवायचं काम आपलं, कारण तो पुरावा बहुतेक सगळा मोबाईलमध्येच तयार होतो.

स्कॅनरला दिसत कसं नाही?

सर्व्हिस सेंटरवाला जे मशीन लावतो ते गाडीच्या ओबीडी पोर्टला जोडलं जातं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये इंजिन आणि धुराच्या सिस्टिमवर भरपूर सेन्सर असतात. एखाद्या सेन्सरचं रीडिंग मर्यादेबाहेर गेलं की कंट्रोल युनिट एक फॉल्ट कोड साठवतं, आणि स्कॅनर फक्त तो कोड वाचतो.

आता मुद्द्याची गोष्ट. साधा मॅन्युअल गिअरबॉक्स म्हणजे लोखंडी दाते, शाफ्ट, बेअरिंग आणि तेल. त्याला स्वतःचा कॉम्प्युटर नसतो. स्पीड सेन्सर असतो, रिव्हर्स लाईटचा स्विच असतो, पण ‘तिसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली’ हे सांगणारं आत काहीच बसवलेलं नसतं. म्हणून स्कॅनरवर कोड न येणं म्हणजे गिअरबॉक्स चांगला असणं नव्हे. थर्मामीटरने हाड मोडलंय का ते बघण्यासारखं आहे हे. गाडी एएमटी असेल, म्हणजे क्लच पेडल नसलेली, तर गोष्ट वेगळी. तिथे गिअर बदलायला कंट्रोल युनिट असतं आणि पी-०७०० सारखे कोड येऊ शकतात. तेव्हा स्कॅनरचा रिपोर्ट मागून घ्या, निदान स्क्रीनचा फोटो तरी काढा. कोड डिलीट केल्यावर हातात काही राहत नाही.

ऑनलाईन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ ओबीडी डोंगल घेऊ का, असं दादानेही विचारलं होतं. मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी त्याचा उपयोग नाही. शिवाय मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची सिस्टिम असते आणि ही डोंगलं बहुतेक १२ व्होल्टच्या कारसाठी बनवलेली असतात. उगाच जळालं तर तेच निमित्त करतील की तुम्ही बाहेरचं काही लावलं.

मग मोबाईल काय पकडू शकतो?

आवाज आणि वेळ. गिअरबॉक्सचं निदान जुने मिस्त्री कानानेच करतात, आणि त्यामागे सरळ हिशोब आहे. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लच न दाबता घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते? मग संशय इनपुट शाफ्टच्या किंवा गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो? तर बहुधा क्लचचं रिलीज बेअरिंग. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरचे दाते. खालच्या सगळ्या गिअरमध्ये येतो पण डायरेक्ट गिअरमध्ये कमी होतो, तर काउंटरशाफ्टकडे बघायला लागतं. दादासारखा गिअर आपोआप सुटत असेल तर झिजलेला सिंक्रो स्लीव्ह, वाकलेला शिफ्टर फोर्क, गिअर धरून ठेवणारी कमजोर स्प्रिंग, किंवा कधीकधी नुसतं ढिलं माउंटिंग. हे अंदाज आहेत, निकाल नाही. पण ‘आवाज येतो’ असं सांगणं आणि ‘क्लच दाबला की थांबतो’ असं सांगणं यात खूप फरक आहे, आणि दुसरं वाक्य जॉब कार्डवर गेलं की टाळता येत नाही.

ज्यांना आवड आहे त्यांनी स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं ऑडिओ ॲप वापरून बघावं. शाफ्ट १५०० आरपीएमने फिरतोय म्हणजे सेकंदाला २५ फेरे. त्यावर २३ दात्यांचा गिअर असेल तर दर सेकंदाला ५७५ वेळा दाते भिडतात, म्हणजे ५७५ हर्ट्झच्या आसपास शिट्टीसारखी रेघ दिसेल, आणि आरपीएम वाढला की रेघ वर सरकेल. कोर्टात हे कोणी मागत नाही, पण आवाज इंजिनच्या वेगाबरोबर बदलतो की चाकाच्या, हे समजायला मस्त उपयोग होतो.

व्हिडिओ मात्र नीट काढा. चालवणाऱ्याने मोबाईल हातात धरायचा नाही, बाजूला बसलेल्याने काढायचा. एकाच न तोडलेल्या शॉटमध्ये आधी नंबर प्लेट, मग ओडोमीटरचं किलोमीटर, मग चालती गाडी, स्पीड, आरपीएम आणि गिअरचा दांडा. दादाने पहिले सहा व्हिडिओ पाठवले, सगळे दहा-दहा सेकंदांचे, त्यात नुसता दांडा हलताना दिसत होता. कोणती गाडी, कधी, कुठे, काहीच कळेना. आणखी एक गंमत: अमरावती-अकोला हायवेवर गिअर सुटायचाच नाही. हा तोच रस्ता, ज्याच्या ७५ किलोमीटरच्या सलग डांबरीकरणाची २०२२ च्या जूनमध्ये गिनीज बुकात नोंद झाली. सपाट, गुळगुळीत, टॉप गिअर. वर्कशॉपवाले टेस्ट ड्राईव्हला तिथेच न्यायचे आणि ओके करून आणायचे! शेवटी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, माल भरून गाडी नेली तेव्हा अर्ध्या तासात दोनदा दांडा बाहेर आला. म्हणून जॉब कार्डवर ‘चढावर, लोड असताना, तिसऱ्या गिअरमध्ये’ असं लिहून घ्या आणि टेस्ट ड्राईव्ह तशाच रस्त्यावर मागा, स्वतः सोबत बसा.

ओरिजिनल फाईल म्हणजे सोनं

व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्यातली मूळ तारीख, लोकेशन यांसारखी माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि मूळ फाईल फोनमध्ये तशीच ठेवून एक कॉपी ड्राईव्हवर टाका. ट्रिम करू नका, वर गाणं तर अजिबात नको. फोटोवर तारीख आणि नकाशा छापणारी जीपीएस कॅमेरा ॲप्स सगळे वापरतात, पण तो शिक्का नंतरही टाकता येतो, हे समोरच्या वकिलाला माहीत असतं.

यावर आपल्या शेजारच्या जालन्यातूनच एक मोठा निकाल आलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला चालला, त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग पुरावा होतं. जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी देत असाल तर सोबत सर्टिफिकेट लागेल, पण ज्याच्या मालकीचा मूळ मोबाईल किंवा कॉम्प्युटर आहे त्याने तोच हजर करून साक्ष दिली तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे सर्टिफिकेट आहे आणि त्यात फाईलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहायची असते. हॅश म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेला एक लांबलचक नंबर. फाईलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी नंबर पूर्ण वेगळा येतो. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांवर कोर्टाइतका अडून बसत नाही, तरी जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी हा किस्सा आठवा.

कागदांचंही तसंच. प्रत्येक वेळी गाडी आत देताना आणि बाहेर काढताना जॉब कार्डची कॉपी घ्या, तक्रार आपल्या शब्दांत लिहिलेली पाहिजे. नुसतं ‘जनरल चेकअप’ लिहिलं असेल तर सही करू नका. गाडी देताना ‘साहेब, फीडबॅकचा मेसेज येईल, दहापैकी दहा द्या’ असं लाडीगोडीने म्हणतात. दादाने दोनदा दिले होते! त्रास असेल तर त्याच उत्तरात लिहा. फोनवर जे बोलणं झालं ते संध्याकाळी ईमेल करून कळवा: आज अमुक वाजता असं ठरलं. व्हॉट्सॲपवर आपोआप गायब होणारे मेसेज बंद ठेवा आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

‘ओव्हरलोड केली असेल’ आणि ‘ड्रायव्हरने हाफ क्लचवर चालवली’ हे दोन आरोप ठरलेले आहेत. पहिल्याला उत्तर म्हणजे वजनकाट्याच्या पावत्या. प्रत्येक खेपेची पावती, मार्केटची काटापट्टी, ई-वे बिल, सगळ्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये. गाडी खरंच ओव्हरलोड चालवली असेल तर मात्र हा लेख कामाचा नाही, आणि व्हिडिओत पोत्यांचा डोंगर दिसला तर उलटा पुरावा होईल. दुसऱ्या आरोपाचं काय? क्लच प्लेट बहुतेक वॉरंटींमध्ये झिजणारा भाग म्हणून बाहेर ठेवलेली असते, त्यामुळे दोष क्लचवर ढकलणं सोयीचं पडतं. फ्लीट एज, आय-मॅक्स, आय-अलर्ट यांसारखी कंपनीची टेलिमॅटिक्स सेवा तुमच्या गाडीत असेल तर वेग आणि प्रवासाचे रिपोर्ट महिन्याच्या महिन्याला डाऊनलोड करा. फास्टॅगच्या नोंदींवरूनही गाडी कोणत्या दिवशी चालली आणि कोणत्या दिवशी उभी होती ते दिसतं. उभ्या दिवसांचा हिशोब पुढे नुकसानभरपाईत लागतो.

एक गोष्ट कितीही राग आला तरी करायची नाही. गिअरबॉक्स बाहेरच्या मिस्त्रीकडे उघडायचा नाही. ऐकवा, चालवून दाखवा, त्याचं मत लिहून घ्या, पण बोल्टला हात नको. वॉरंटी तिथेच संपली म्हणतील. वर्कशॉपमध्ये तेल काढतील तेव्हा हजर राहा आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाचा फोटो काढा. बारीक राखाडी पेस्ट थोडीफार असतेच. लोखंडाचे तुकडे असले तर ती नॉर्मल झीज नव्हे.

मालगाडीवाला ‘ग्राहक’ असतो का?

इथे बरेच जण अडतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहक ठरत नाही. पण त्याच व्याख्येत सूट आहे: स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची धरत नाहीत. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने ट्रकचंच उदाहरण दिलं होतं, की ट्रक घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आहे. मदतीला एखाद-दोन माणसं असली तरी चालतं. पाच ट्रक आणि पाच ड्रायव्हर असले तर मात्र दिवाणी कोर्टाचा रस्ता धरावा लागू शकतो. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: एकच गाडी, मी स्वतः चालवतो, हे माझं लायसन्स, घर यावरच चालतं.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, तिचं ॲपही आहे. हेल्पलाईन निकाल देत नाही, पण कंपनीच्या वरच्या ऑफिसपर्यंत निरोप जातो. दादाला डीलरपेक्षा कंपनीचा फोन आधी आला तो यामुळेच. चालत्या गाडीचा गिअर घाटात सुटणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे, त्यामुळे वाहन पोर्टलच्या रिकॉल विभागातही दोष नोंदवता येतो.

तरी काही हललं नाही तर डीलर आणि कंपनी दोघांनाही ईमेलने आणि स्पीड पोस्टने नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातल्या एका कारच्या खटल्यात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की डीलरच्या चुकीसाठी कंपनी आपोआप जबाबदार होत नाही. एकालाच धरलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच काम होतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मुर्तिजापूरवाल्याला अकोला, बडनेऱ्यावाल्याला अमरावती. कंपनी पुण्याची असो की चेन्नईची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. फी पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. वॉरंटी संपत आली असेल तर संपायच्या आधी ईमेल टाका की गिअरबॉक्सची तक्रार अमुक तारखेपासून मिटलेली नाही.

मागणी काय करायची, यावर दादाचं आणि माझं भांडण झालं. "मले नवी गाडीच पाह्यजे," तो म्हणे. मारुती उद्योगच्या २००६ च्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं होतं की वॉरंटीत बिघडलेला भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन असेल, तर थेट पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. बनावटीतला दोष सिद्ध करायची जबाबदारी आपली असते, आणि आयोग त्यासाठी तज्ज्ञाकडून तपासणी करून घेऊ शकतो. म्हणून मी लिहायला लावलं: पहिली मागणी नवीन गिअरबॉक्स असेंब्ली आणि त्यावर वाढीव वॉरंटी, सोबत उभ्या दिवसांची भरपाई. ते जमत नसेल तर गाडीची किंमत परत.

नोटीस गेल्यावर पंधरा दिवसांनी डीलरने गाडी बोलावली आणि पहिल्यांदाच गिअरबॉक्स उघडला. तिसऱ्या गिअरचा स्लीव्ह आणि फोर्क बदलला, जुने पार्ट मागितले तर ‘ते कंपनीला परत जातात’ म्हणाले. दादाने त्यांचे फोटो काढले, पार्ट नंबरसकट. गाडी सध्या चालतेय. परवा चिखलदऱ्याला भाडं होतं, खाली उतरल्यावर त्याचा मेसेज आला: "आज नाही सुटला. पण आवाज हाय अजून." मी विचारलं, क्लच दाबल्यावर थांबतो का? व्हिडिओ काढून पाठवतो म्हणाला, डॉक्युमेंट म्हणून.