लेबर रूममध्ये माझ्यासोबत कोण असणार?

मागचे तीन रविवार एपिसोड आला नाही, आणि त्याचं कारण सध्या माझ्या पोटात लाथा मारतंय. पस्तिसावा आठवडा चालू आहे. हिंजवडीच्या फ्लॅटमधून लॅपटॉप, माइक आणि तपासण्यांची फाइल उचलून मी माहेरी आलेय, पौडच्या पुढे, धरणाच्या बाजूला. गंमत म्हणजे तालुका तोच. आयटी पार्कही मुळशीत आणि रेकॉर्डिंगच्या मध्येच लाइट जाते ते हे गावही मुळशीत. ऑडिओ ऐकणाऱ्यांना मागे जो आवाज येतोय तो पत्र्यावरचा पाऊस आहे. एडिट करून निघाला नाही.

तर विषय. शांत, पॉझिटिव्ह, नॉर्मल बाळंतपण. रील्स तुम्हीही बघितल्या असतील: मंद दिवे, समुद्राचा आवाज, डोळे मिटून हसणारी बाई. मी सातव्या महिन्यात रोज रात्री हेच बघत होते. एक आजीला दाखवली. आजी म्हणाली, "हिला अजून कळा सुरू झालेल्या नाहीत."

आजीची चारही बाळंतपणं घरात झाली. अंधारी खोली, ऊब, आणि लहानपणापासून ओळखीची सुईण. कोणी घाई केली नाही, कोणी ओरडलं नाही. हे सगळं ती अगदी प्रेमाने सांगते. त्याच खोलीत, त्याच सुईणीच्या हाताखाली आजीची धाकटी जाऊ बाळंत झाली. बाळ रडलं, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि वार पडल्यावर रक्त थांबेना. पौडपर्यंत पोचेस्तोवर ती गेली होती. हे मला यंदा पहिल्यांदा कळलं. बाळंतपणाच्या गप्पांत तिचं नावच कोणी काढत नाही.

म्हणून आजचा एपिसोड. त्या खोलीत बरोबर काय होतं आणि कमी काय होतं?

आधी बरोबर काय, ते. आपल्या शरीरातल्या बहुतेक यंत्रणा एसीसारख्या चालतात. गरम झालं की चालू, थंड झालं की बंद, म्हणजे सगळं जागेवर आणून ठेवायचं. बाळंतपण मात्र उलटं चालतं. माइक स्पीकरसमोर धरला की आवाज वाढत वाढत किंचाळतो ना, तसं. बाळाचं डोकं गर्भपिशवीच्या तोंडावर दाब देतं, तिथल्या नसा मेंदूला निरोप पाठवतात, मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, कळ जोरात येते, डोकं आणखी दाब देतं. ही साखळी बाळ बाहेर आल्यावरच सुटते. आम्ही कोडमध्ये असा लूप लिहिला तर रिव्ह्यूमध्येच उडवतील.

आता या लूपमध्ये भीती घाला. घाबरलं की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, अंग आवळतं, आणि विशेषतः सुरुवातीच्या टप्प्यात कळा मंदावू शकतात. गाय विताना गोठ्यात नवखा माणूस का जाऊ देत नाहीत, हे आजीला कोणी शिकवावं लागलं नाही. इंग्लंडमधल्या ग्रँटली डिक-रीड नावाच्या डॉक्टरांनी १९३०च्या दशकात हेच मांडलं: भीतीने ताण, ताणाने वेदना, वेदनेने आणखी भीती. पुढे १९५०च्या दशकात फ्रान्सच्या फर्नांड लामाझ यांनी सोव्हिएत रशियात बघितलेली श्वासाची आणि सैल होण्याची पद्धत आपल्याकडे नेली. आजच्या क्लासेसमधला 'लमाझ' तो हाच.

पण "घाबरू नकोस" म्हणून कोणी घाबरायचं थांबतं का? मला नऊ महिने सगळे तेच सांगतायत आणि मी प्रत्येक वेळी थोडी जास्त घाबरते.

खरा उपयोग कशाचा होतो, यावर भरपूर अभ्यास झालाय. २०१७च्या कोक्रेन आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास आणि १५ हजारांहून जास्त बायका होत्या. कळा सुरू झाल्यापासून ज्यांच्यासोबत एक माणूस सतत होतं, त्यांच्यात आपोआप होणाऱ्या नॉर्मल डिलिव्हरी जास्त आणि सिझेरियन कमी दिसले, कळांचा वेळही थोडा कमी भरला. ते माणूस डॉक्टर असायलाच हवं असं नाही. पाठ चोळणारं, पाणी देणारं, "आता काय चाललंय" हे सांगणारं आणि मुख्य म्हणजे उठून न जाणारं. सुईण नेमकं हेच करायची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रत्येक बाईला तिच्या पसंतीचा सोबती मिळावा अशी शिफारस केली. आपल्या केंद्र सरकारने तर २०१६लाच सरकारी दवाखान्यांत सोबतीला परवानगी दिली: शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली घरची बाई, आणि पुरेसा आडोसा असेल तिथे नवराही.

कागदावर. मी आधी जिथे नाव घातलं होतं (हॉस्पिटलचं नाव घेत नाही), तिथे विचारलं, "माझ्यासोबत आई थांबली तर चालेल ना?" उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही इंजिनिअर ना? मग एवढं काय घाबरता?" प्रश्न साधा होता, उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं होतं. रस्त्यात रिक्षात बसून रडले. मग फाइल घेऊन दुसरीकडे गेले, पिरंगुटकडच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आई आणि नवरा, दोघांनी पाळी लावून थांबा." इतकंच. त्या रात्री मी तीन आठवड्यांनी नीट झोपले.

तुम्ही किंवा तुमची बायको, बहीण, मैत्रीण या वाटेवर असेल तर हा प्रश्न सातव्या महिन्यातच विचारा. सोबत आणखी काही विचारा. कळा चालू असताना फिरू देता का? उभं राहिलं, चाललं तर पहिला टप्पा साधारण तासाभराने कमी होतो, आणि बेडवर उताणं पडून राहिलं की पाठीचे हाल ते वेगळेच. पाणी, पेज घेऊ देता का? धोका नसेल तर द्यावं, असंच आता सांगतात. टाके घ्यायला लागतील असा छेद सरसकट देता का? सरसकट देऊ नये अशी शिफारस आहे. आणि वेळेचं काय? पूर्वी तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलंच पाहिजे असं धरायचे. २०१८च्या त्याच शिफारशीत हे सगळ्या बायकांना लागू होत नाही असं म्हटलंय, आणि जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरलाय. म्हणजे रात्रभर कळा येऊन सकाळी "तीनच सेंटिमीटर" ऐकलं, तर आपण नापास झालो असं नाही.

माझी तयारी काही फार भारी नाही. संध्याकाळी पाऊस उघडला की बांधापर्यंत चालते. कळ साधारण मिनिटभर टिकते, म्हणून मोबाइलवर मिनिटाचा टायमर लावून हातात बर्फ धरते आणि श्वास लांब सोडते. पहिल्या दिवशी पंधरा सेकंदांत बर्फ फेकला, आता पूर्ण मिनिट जमतं. नवरा शेजारी बसून "सोड, सोड, अजून सोड" म्हणतो. त्याची प्रॅक्टिस माझ्याहून जास्त महत्त्वाची आहे, कारण त्या वेळी मला काही आठवणार नाही.

आता त्या खोलीत कमी काय होतं, ते.

एक इंजेक्शन. बाळ बाहेर आल्यावर लगेच आईला मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन देतात, त्याने गर्भपिशवी आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. तेच ऑक्सिटोसिन, ज्याचा लूप मघाशी सांगितला. १९५३ साली ते प्रयोगशाळेत बनवता आलं आणि दोन वर्षांनी त्या कामाला नोबेल मिळालं. हे इंजेक्शन प्रत्येक बाळंतिणीला द्यावं अशी शिफारस आहे, नॉर्मल असो वा सिझर. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं, म्हणजे फ्रीज लागतो, फ्रीजला लाइट लागते. काही ग्रुप्सवर मी वाचलं की 'पूर्ण नैसर्गिक' हवं असेल तर हेही नाकारा. मी आजीला विचारलं. आजीने नुसतं माझ्याकडे बघितलं.

सिझेरियनबद्दलही तसंच. आकडे चिंतेचे आहेत हे खरं: २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगीत जवळपास ४७ टक्के आणि सरकारीत १४ टक्के. एवढा फरक बायकांच्या शरीरांत नसतो. म्हणून "का?" विचारायचं. पण बाळाचे ठोके घसरले आणि डॉक्टरबाईंनी कारण सांगितलं, तर मी सही करणार, आणि ते माझं बाळंतपणच असेल. वेदना असह्य झाल्या तर एपिड्युरल मागायचीही लाज बाळगणार नाही.

आता राहिला रस्ता. शहरात सांगतात, पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघा. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही त्याची वाट बघू नका, घाटात दरड आली तर कळा थांबणार नाहीत. म्हणून अडतिसावा आठवडा लागला की मी पिरंगुटला मावशीकडे राहायला जाणार. दुर्गम आदिवासी भागांत राज्य सरकारची 'माहेरघर' योजना हेच करते, दिवस भरत आले की बाईला दवाखान्याजवळ आणून ठेवते. माझं माहेरघर मावशीचं.

दारामागे एक कागद चिकटवलाय: पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा असोत-नसोत, निघायचं. खाली १०८ आणि १०२, गाडीवाल्या काकांचा नंबर, आणि डॉक्टरबाईंचा. आशाताईंनी कागद बघून सांगितलं, रक्तगट मोठ्या अक्षरात लिही. लिहिला.

आजीला मी म्हटलं, तूही चल मावशीकडे. म्हणाली, "मी कशाला, तुझी आई आहे ना." मग काल रात्री तिची पिशवी भरलेली दिसली, दोन लुगडी आणि पानाचा डबा. कोणाला काही न सांगता माझ्या बॅगेशेजारी ठेवली होती.

पुढचा एपिसोड कधी ते सांगता येत नाही. लाइट आली, अपलोड करते.